‘मनभर धान’ म्हणजे नेमकं किती?

‘मनभर धान’ हे दोन शब्द वाचून तुम्हाला काय वाटलं? पुण्याकडचा वाचक म्हणेल, शेतकरी खूश दिसतोय, मन भरेल एवढं पीक आलं. आमच्या साकोलीकडचा माणूस म्हणेल, एवढंच? मण म्हणजे चाळीस शेर, त्यात घर कसं चालायचं?

झाडीबोलीत ‘ण’ नाही. त्यामुळे वजनाचा ‘मण’ आणि आपलं ‘मन’ यांचा उच्चार एकच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्यात ही बोली चालते. पाण्याला पानी, डोळ्याला डोरा, म्हणजे ‘ळ’च्या जागी ‘र’. ऐकणाऱ्याला संदर्भ कळतो, म्हणून बोलताना काही अडत नाही. अडतं ते ध्वनिमुद्रण करून संगणकावर साठवताना. माझ्या पीएच.डी.चा मोठा भाग याच अडचणीत गेलाय, म्हणून आज ती सोपी करून सांगतो.

संगणकाला काय दिसतं?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘र’चा ०९३०, ‘ळ’चा ०९३३. तुमच्या-माझ्यासाठी डोरा आणि डोळा एकच. साध्या शोधयंत्रासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द. संग्रहात ‘डोरा’ लिहिलं असेल आणि कुणी ‘डोळा’ शोधलं, तर हाती काहीच लागत नाही.

मग सरळ ‘डोळा’च लिहावं का? शोध लागेल, पण बोलणाऱ्या आजीनं जे म्हटलंच नाही ते तिच्या नावावर जमा होईल. शंभर वर्षांनी कुणी फक्त तो मजकूर वाचला, तर त्याला वाटेल की इथे ‘ळ’ होता.

बरं, ‘र’ दिसला की ‘ळ’ करायचा, असा नियमही लावता येत नाही. ‘पोरा’ म्हणजे बैलांचा पोळा की ‘अरे पोरा’ अशी हाक? ते वाक्य ऐकूनच ठरवावं लागतं.

तीन थर

यावर उपाय आहे, आणि तो काही फार गुंतागुंतीचा नाही. एकाच मुद्रणाला तीन थर जोडायचे. पहिला आवाज. दुसरा जसं बोललं तसं लिहिलेला मजकूर: ‘मनभर धान’. तिसरा प्रमाण मराठी: ‘मणभर धान’. तिन्ही सेकंदांच्या हिशेबानं एकमेकांना बांधलेले. नेदरलँड्सच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘इलान’ हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं हेच काम करतं. शोध तिसऱ्या थरात घ्या, पुरावा दुसऱ्यात पाहा, शंका आली तर पहिला ऐका.

वेळ मात्र भरपूर जातो, कारण मधला थर बोली जाणणाऱ्या माणसालाच लिहावा लागतो.

एवढा खटाटोप कशाला?

कारण आता यंत्रं आपलं बोलणं ऐकू लागली आहेत. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केलं; त्यात मराठी आहे. पण यंत्राला शिकवलेली मराठी कुठली? शेतकऱ्यानं ‘बोडी’तल्या पाण्याबद्दल विचारलं आणि यंत्रानं ‘बॉडी’ लिहिलं, तर उत्तर दवाखान्याचं येईल. आमच्याकडे बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. बांधी, पऱ्हे, रोवणी या शब्दांचंही तेच. यंत्राची परीक्षा फक्त प्रमाण मराठीवर घेतली, तर ते चांगल्या गुणांनी पास होतं आणि झाडीपट्टीत नापास होतं, पण हे नापास होणं कुठेच नोंदलं जात नाही.

शेजारच्या गोंडीशी तुलना करा. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख. तिच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या: मसराम गोंडी २०१७ ला, गुंजाला गोंडी २०१८ ला. गोंडीची अडचण आहे ती डिजिटल मजकूर फार कमी असण्याची. झाडीबोलीचं उलट आहे. लिपी तयार, कीबोर्ड तयार, पण बोलणारे मराठीच्या ८.३ कोटींत मोजले जातात, त्यामुळे काही कमी आहे हेच कुणाला दिसत नाही.

पाया नाही असं नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला, शब्द गोळा केले. झाडीबोली साहित्य मंडळानं संमेलनं भरवली. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावची मुद्रणं इंटरनेटवर ठेवली आहेत. एकदा जाऊन ऐकाच.

आणि घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांची परवानगी घेऊन रोवणीच्या गोष्टी फोनवर मुद्रित करा. सुरुवातीला गाव, तारीख आणि वय बोलून ठेवा. लिहून काढणार असाल, तर एकच विनंती: त्यांचं ‘पानी’ दुरुस्त करू नका.