पालींचा जोडसंसार : हौस आणि जबाबदारी

मनात शंकेची पाल चुकचुकणे हा वाक्प्रचार आपल्याकडे इतका रूढ आहे, की पाल हा प्राणी कोणी हौसेने पाळत असेल यावर सहसा विश्वास बसत नाही. परंतु अमेरिकेत आणि युरोपात ‘लेपर्ड गेको’ या जातीची पाल अनेक घरांतून काचेच्या पेटीत पाळली जाते. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांकडे ती पाहून आपल्यापैकी काही वाचक चकितही झाले असतील. अशा घरातील मुलांचा पुढचा हट्ट बहुधा ठरलेला असतो : ‘ती एकटी आहे, तिला जोडीदार आणूया.’ हा हट्ट पुरविण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

ओळख

अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व लगतच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातील. तिची लांबी साधारणतः २० ते २५ सेंटिमीटर असते. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, मात्र बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्याने ती काचेवर चढू शकत नाही. जाड शेपटीत ती चरबीचा साठा करते. तिचे भाऊबंद महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातील एका जातीला २०१४ मध्ये ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

सोबतीची गरज आहे काय?

एकटेपणाची कल्पना आपली, पालीची नव्हे. एकटी, पोटभर खाणारी आणि उबदार बिळात विसावणारी पाल सुखी असते. दोन नर एकत्र ठेवल्यास ते हद्दीसाठी भांडतात. त्यात शेपटी तुटते, खोल जखमा होतात, प्रसंगी जीवही जातो.

नर व मादी एकत्र ठेवल्यास भांडण कमी, पण धोका अधिक. मीलनसमयी नर मादीची मान दातांनी धरतो. रानात मादीला दूर निघून जाता येते. पेटीत तिला पळण्यास वाट नसते. नर पुनःपुन्हा पाठलाग करतो, मादी खाणे सोडते आणि खंगत जाते. ती एका वेळी बहुधा दोन अंडी घालते व एका हंगामात असे अनेक वेळा घडते. अंड्यांसाठी लागणारे कॅल्शियम आहारातून न मिळाल्यास ते तिच्या हाडांतून खर्च होते. हाडे ठिसूळ होणे, अंडे पोटात अडकणे आणि त्यातून मृत्यू ओढवणे हे त्याचे परिणाम होत. शिवाय मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे दोघांना वेगळे केल्यानंतरही ती फलित अंडी घालू शकते.

नर-मादी कसे ओळखावे?

प्रौढ नराच्या मागील पायांमध्ये, शेपटीच्या मुळाच्या पुढे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची ठळक छिद्रांची रांग असते व तिच्या मागे दोन फुगवटे दिसतात. मादीत ही छिद्रे अस्पष्ट असतात व फुगवटे नसतात. पिल्लांमध्ये हा फरक काही महिने उमगत नाही. या जातीत लिंग अंडी उबविण्याच्या तापमानावर ठरते : सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या, तर ३२-३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर जन्मतात. म्हणून लहान वयात ‘दोन्ही माद्याच आहेत’ या विक्रेत्याच्या हवाल्यावर विसंबू नये.

सुरक्षित मार्ग

प्रत्येक पालीस स्वतंत्र पेटी, हाच उत्तम नियम. जोडी लावायचीच असेल, तर पुढील पथ्ये पाळावीत :

• नव्या पालीला दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे व तिची विष्ठा पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी.
• मादी एक वर्षाहून मोठी, धष्टपुष्ट व सुमारे ५० ग्रॅम वजनाची असावी.
• दोघांना देखरेखीखाली थोडाच काळ एकत्र आणावे. मीलनानंतर, अथवा चावाचावी दिसताच, लगेच वेगळे करावे.
• मादीच्या खाद्यातील किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी आणि अंडी घालण्यासाठी ओलसर शेवाळाची डबी ठेवावी.
• हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

हिशेब आधी मांडावा

ही पाल नीट निगा राखल्यास १५ ते २० वर्षे जगते. एका हंगामात डझनभर पिल्ले झाली, तर प्रत्येकाची पेटी, उष्णता, खाद्य आणि औषधपाणी यांची तरतूद कोण करणार? कर्ज घेण्यापूर्वी आपण हप्त्यांचा विचार करतो. जीव जन्माला घालण्यापूर्वी तितका तरी विचार व्हावा.

आपल्या देशात मात्र रानातील संरक्षित वन्यजीव पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार गुन्हा आहे. सातपुड्यातील पालीने सातपुड्यातच राहावे. ज्यांच्या पेटीत बंदिवासात जन्मलेली पाल आहे, त्यांनी तिला जोडीदारापेक्षा योग्य ऊब, लपण्यास जागा आणि निवांतपणा द्यावा. तिच्या दृष्टीने सुखाचा संसार तो हाच.