रेडिएटर बसवावा, आवळू नये

दरवर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइट परिसरातल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ साली सुरू झालेल्या या ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’मध्ये साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, आणि ऐन उन्हात एखादीचं बॉनेट वर होतं. गाडी तापलेली असते.

त्यात नवल नाही. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चं इंजिन ७.४ लिटरचं. जळालेल्या पेट्रोलमधली फार तर एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, जवळपास तेवढीच धुरावाटे जाते आणि बरीचशी उरलेली उष्णता कूलंटच्या गळ्यात पडते. म्हणून मालक हौसेने नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागवतात.

खरं तर उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस. तरी ॲल्युमिनियम जिंकतं ते बांधणीमुळे. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर सोल्डरने जोडलेले असत आणि त्यांच्या नळ्या अरुंद असत. ॲल्युमिनियम हलकं, त्याचे सांधे भक्कम. त्यामुळे नळी इंचभर रुंद करता येते आणि तिचा पातळ पात्यांशी संपर्क वाढतो. नळ्यांच्या चार रांगांचं काम दोन रांगांत भागतं, आणि जाळी विरळ राहिल्याने हवाही सहज आरपार जाते.

हे सगळं मुसळ केरात जातं ते बसवताना. मोठं व्ही-८ इंजिन जोर लावतं तेव्हा गाडीचा सांगाडा किंचित पिळवटतो. रेडिएटर त्याला घट्ट आवळलेला असेल तर तोही पिळवटतो आणि नळ्या टाकीला मिळतात तिथे बारीक चीर जाते. शेव्हरोलेच्या कित्येक गाड्यांत तो खालच्या रबरी गाद्यांवर टेकतो, वरून पट्टीने नुसता धरून ठेवलेला असतो. डॉज-प्लिमथमध्ये कडेच्या पट्ट्या बोल्टने जोडतात. तिथे भोकं जरा मोठी ठेवून रबरी बुश घालावेत. खडखडला नाही की पुरे, पाना खाली ठेवावा.

रबराचं दुसरं काम रसायनाचं. ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले की छोटा विद्युतघट तयार होतो आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. इलेक्ट्रिक फॅनची अर्थिंगची तार तर रेडिएटरला कधीच जोडू नये. भरकटलेला प्रवाह नळ्यांना आतून भोकं पाडतो.

मग फट. नवा रेडिएटर मूळ जागेत तंतोतंत बसेलच असं नाही, आणि कडेला बोटभर जागा राहिली तर हवा जाळीतून कशाला जाईल? उभ्या गाडीत तर इंजिनाकडची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते आणि पुन्हा जाळीत ओढली जाते. फोमची साधी पट्टी इथे महागड्या रेडिएटरइतकी मोलाची ठरते. पंख्याभोवतीचं श्राउडही हवंच; पाती निम्मी त्याच्या आत, निम्मी बाहेर. मात्र पात्यांच्या टोकांपाशी इंचभर जागा सोडावी, कारण मूळचा पंखा इंजिनाबरोबर डुलतो, श्राउड रेडिएटरबरोबर स्थिर असतं.

‘पाणी जोरात फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असं गॅरेजमध्ये ठामपणे सांगतात. ते चूक आहे. तेच पाणी फिरून फिरून येतं. वेग वाढला की एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते.

एवढं करूनही काटा चढलाच, तर कुठे चढतो ते बघावं. सिग्नलला तापणारी गाडी बहुधा हवेला तरसलेली असते. हायवेवर तापत असेल तर पाण्याकडे वळावं: बॉनेट उघडून इंजिनाचा वेग वाढवावा आणि खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो का, ते पाहावं. होत असेल तर त्याला आतून ताणून धरणारी स्प्रिंग गंजून गेलेली असते, किंवा कुणी ती बसवलेलीच नसते.