डिझेलसाहेबांसाठी एक मिनिट

श्टुटगार्ट, ऑक्टोबर

घड्याळं अजून मागे गेलेली नाहीत, त्यामुळे सकाळी सातला इथे मिट्ट काळोख असतो. खालच्या मजल्यावरचे आजोबा त्यांच्या १९५५च्या मर्सिडीज १८० डीमध्ये बसतात आणि डॅशबोर्डवरची मूठ ओढून धरतात. जाळीआडची तार हळूहळू लालबुंद होते, तोवर गप्प बसायचं. या थांबण्याला जर्मन लोकांनी नावच ठेवलंय: रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मरणार्थ एक मिनिट. डिझेलसाहेब १९१३मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. जर्मनांना विनोदाचं वावडं आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मूठ आणखी ओढली की घरघर सुरू होते, थेट विहिरीवरच्या इंजिनासारखी. नातं नावातही आहे. इंजिन ओ. एम. ६३६, आणि त्यातलं ‘ओ. एम.’ म्हणजे तेलाचं इंजिन. आपलं ऑइल इंजिनच की! यात डिझेल आधी वरच्या छोट्या कोठडीत पेटतं आणि मग सिलिंडरात उतरतं. त्यामुळे दणका सौम्य होतो, पण गारठ्यात ती कोठडी आधी तापवावी लागते.

युद्ध हरून चार वर्षं झाली होती. १९४९च्या हॅनोव्हर प्रदर्शनात हे इंजिन १७० डी गाडीतून लोकांसमोर आलं: चार सिलिंडर, १६९७ घनसेंमी, ३८ अश्वशक्ती. पळायला मंद, तेलाला मात्र काटकसरी. टॅक्सीवाल्यांना आणखी काय हवं? पुढच्याच वर्षी ते १७६७ घनसेंमीचं आणि ४० अश्वशक्तीचं झालं. याचाच २५ अश्वशक्तीचा अवतार शेतातल्या उनिमॉगमध्ये राबला. १९५८मध्ये १९० डीबरोबर ५० अश्वशक्तीचं ओ. एम. ६२१ आलं.

आता गंमत पाहा. २०१९पासून श्टुटगार्टमध्ये युरो-४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदी आहे. पण तीस वर्षांपलीकडची, नीट जपलेली गाडी असेल, तर नंबरपाटीच्या शेवटी ‘एच’ मिळतो आणि बंदी लागू होत नाही. म्हणजे २००८ची गाडी वेशीबाहेर, आणि आजोबांची काळा धूर सोडत गावात! कायद्याच्या लेखी ती सांस्कृतिक ठेवा आहे. फुप्फुसांना हा फरक कळत असेल असं मला वाटत नाही.

या घराण्याची पुढची पिढी आपल्या आकुर्डीत पोचली. बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलेलं २.४ लिटरचं ओ. एम. ६१६ ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये बसलं. वडापच्या ट्रॅक्समध्ये पंधरा माणसं आणि टपावर भाजीच्या पाट्या असत, असं आजोबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि घाटात?”

“पहिल्या गिअरमध्ये,” मी म्हटलं.

“हीसुद्धा तशीच चढते,” ते म्हणाले.