हात जात्यावर, मन ओवीत

जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत. हात जड जातं ओढत असताना मन शब्दांसाठी मोकळं कसं राहतं?

नवशिक्या मुलीचं सगळं लक्ष खुंट्यावर असतं. मेंदूचा पुढचा भाग प्रत्येक हालचाल जातीने पाहतो. सरावाने हे काम मेंदूतल्या खोल पेशीसमूहांकडे आणि मागच्या लहान मेंदूकडे जातं. निरक्षर म्हणताना आपण हे शिक्षण मोजतच नाही, याची मला खंत वाटते.

हात कुठे आहे, हे स्नायूंतले ताण ओळखणारे संवेदक सतत कळवतात. खुंट्याकडे बघावंही लागत नाही. पुढच्या क्षणी काय जाणवेल, याचा अंदाज लहान मेंदू आधीच बांधतो. तो खरा ठरला की संवेदना फारशी जाणवत नाही. दाणे संपले की घरघर बदलते, हाताला लागणारा जोर बदलतो, अंदाज चुकतो. लक्ष तत्काळ जात्याकडे येतं आणि मोकळा हात नवी मूठ वैरतो.

ठेका ओळखण्यातही तेच खोल पेशीसमूह भाग घेतात. जात्याच्या फेरीवर ओवीची लय सहज बसते, त्यामागे हेही एक कारण असावं.