मंद आचेवरचे मटण

थंडीत खाल्ले जाणारे मांसाचे दाट रस्से जनावराच्या राबत्या भागांचे असतात. पाठीच्या कण्यालगतच्या मांसाला फारसे काम नसते. ते कोवळे राहते आणि तव्यावर किंवा निखाऱ्यावर काही मिनिटांत होते. चालण्याचा, चढण्याचा, मान खाली घालून चरण्याचा भार पाय, खांदा, मान आणि छाती यांच्यावर पडतो. खाटकाच्या दुकानात नळी, दस्ती, गर्दन आणि सीना म्हणून मागितले जातात ते हेच भाग. त्यांचे स्नायू जाड असतात आणि त्या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन त्यांत भरपूर असते. घाईने शिजवले तर हे मांस रबरासारखे लागते. पुरेसा वेळ मिळाला तर मात्र चवीत त्याची बरोबरी कोवळ्या मांसाला करता येत नाही.

वेळ का लागतो, हे पातेल्याच्या आत पाहिले की कळते. मांस साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की स्नायूंचे धागे आक्रसतात आणि आतले पाणी बाहेर पिळून निघते. या टप्प्यावर मटण सर्वांत कडक असते, आणि नवखा स्वयंपाकी नेमका इथेच धीर सोडतो. पण 70 अंशांच्या वर कोलॅजन हळूहळू सुटू लागते आणि त्याचे जिलेटिन बनते. धागे एकमेकांपासून मोकळे होतात, त्यांच्यामध्ये जिलेटिनचा ओलावा भरतो आणि मांस बोटाने तुटू लागते. तेच जिलेटिन रश्श्यातही उतरते. पायाचा रस्सा पिताना ओठ किंचित चिकटतात ते त्यामुळेच, आणि तोच रस्सा फ्रीजमध्ये ठेवला की थलथलीत गोठतो तेही त्यामुळेच. गोठलेला रस्सा बिघडलेला नसतो. तो नीट शिजला होता, याची ती खूण आहे.

आच किती असावी, हा या रांधण्यातला मुख्य प्रश्न. रटारटा उकळले म्हणून कोलॅजन फार लवकर सुटत नाही. धागे मात्र कोरडे पडतात आणि चरबी घुसळली जाऊन रस्सा गढूळ होतो. पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखाददुसरा बुडबुडा यावा, एवढीच आच पुरते. ते तापमान 85 ते 95 अंशांच्या दरम्यान असते. बोकडाच्या खांद्याला त्यावर दोन ते तीन तास लागतात, पायांना चार ते सहा. डोंगराळ भागात हिशेब बदलतो. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यातले मटण शिजायला तिथे बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

मराठी घरांत या मंद शिजण्याची एक सुरेख रीत आहे. पातेल्यावर खोलगट ताट झाकतात आणि ताटात पाणी ओततात. ताट वरून गार राहिल्याने आतली वाफ त्याच्या तळाला लागून थेंब होते आणि मटणावर परत पडते. वास बाहेर जात नाही, पातेले कोरडे पडत नाही. दरम्यान ताटातले पाणी गरम होत असते. रश्श्यात पाणी घालायची वेळ आली की तेच घालायचे, म्हणजे शिजणे मध्येच थांबत नाही. चूल पेटत होती तेव्हा असे पातेले जाळावरून उतरवून चुलीशेजारच्या वैलावर सरकवत. घरातली बाकीची कामे उरकेपर्यंत मटण तिथे आपसूक मऊ होत असे.

चवीचे दुसरे अंग म्हणजे भाजणे. मांसाचा किंवा कांद्याचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर तापला की त्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी 1912 मध्ये ही अभिक्रिया मांडली. पाणी 100 अंशांवर उकळते, म्हणून रश्श्यात बुडालेल्या मांसाला हा रंग येणे कठीण. त्यामुळे पाणी घालण्याआधीच मटण तेलात परतून घेतात. असे परतल्याने मांसाची भोके बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावर पसरला आणि अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे, परतलेल्या मांसातूनही पाणी निघतेच. परतायचे ते खमंगपणासाठी. महाराष्ट्रात हेच काम बरेचदा वाटणाकडे असते. कांदा आणि सुके खोबरे थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून वाटले की मटण न परतताही रश्श्याला ती खोली येते.

हे रस्से थंडीचेच का, याचे पहिले कारण सरपण आहे. थंड प्रदेशांत घर उबदार ठेवायला दिवसभर विस्तव लागायचाच. त्यावर भांडे ठेवले की वेगळे जळण लागत नसे. चाराही हिवाळ्यात संपत येई, म्हणून जास्तीची जनावरे थंडी सुरू होताना कापली जात. उन्हाळाभर चरून त्यांच्या अंगावर चरबी आलेली असे. शरीराचा हिशेबही जुळतो. प्रथिने पचवण्यातच त्यांच्यातल्या ऊर्जेचा सुमारे 20 ते 30 टक्के भाग खर्च होतो आणि तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पिष्ट किंवा चरबी पचवताना हे प्रमाण बरेच कमी असते. मटण खाल्ल्यावर अंग तापते, हा अनुभव म्हणजे मनाचा खेळ नव्हे.

श्रीनगरमधली हरिसा हे या स्वयंपाकाचे टोक म्हणावे लागेल. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याची थंडी असते. त्या काळात जुन्या शहरातल्या आली कदलसारख्या भागात हरिसाची दुकाने पहाटेच उघडतात. काम सुरू होते ते आदल्या दिवशी. ओट्यात पुरलेल्या मोठ्या भांड्याखाली लाकडे पेटवून मेंढीचे मांस शिजायला घालतात. ते हाडावरून सुटले की एकेक हाड वेचून बाहेर काढतात, मग मऊ शिजलेला तांदूळ, बडीशेप, दालचिनी आणि वेलदोडा त्यात जातो. पुढे रात्रभर लांब दांड्याच्या लाकडी पळीने हे सारे घोटत राहायचे. पहाटेपर्यंत मांसाचे धागे आणि तांदूळ वेगळे ओळखू येत नाहीत, एकजीव दाट लापशी तयार होते. ती थाळीत पसरून वर कडकडीत तेल ओततात. त्याचा चर्र फेस विरतो न विरतो तोच काश्मिरी रोटीसोबत ती खायला घ्यायची. इथे तांदळाचे काम फक्त पोट भरण्याचे नाही. सुटलेली चरबी आणि पाणी तो बांधून ठेवतो, म्हणून हरिसावर पाणी सुटत नाही.

काश्मीरमध्येच ‘शबदेग’ नावाचा सलगम आणि मांसाचा प्रकार भांड्याचे तोंड बंद करून रात्रभर मुरवतात. दिल्ली आणि लखनऊची निहारीही रात्रीच चुलीवर चढते. नळीचे मांस, सुंठ, बडीशेप, जायफळ-जावित्री यांच्यासह रात्रभर मंद शिजते. शेवटी पाण्यात कालवलेले गव्हाचे पीठ घालून रस्सा दाट करतात. वर आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची आणि लिंबू हवेच, कारण एवढ्या चरबीला आंबट-तिखटाची काट लागते. 1947 नंतर दिल्लीहून गेलेल्या कुटुंबांबरोबर निहारी कराचीला पोचली आणि तिथलीच झाली. मुंबईत याच घराण्यातली ‘बारा हंडी’ बोहरी मोहल्ल्यात मिळते. ओट्यात बसवलेल्या हंड्यांत पाये, नळी असे निरनिराळे भाग वेगवेगळे शिजत असतात, आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे दोन-तीन हंड्यांतले एकत्र करून वाढतात. कडक पावाचा तुकडा त्यात बुडवून खातात.

युरोपात हंगेरीच्या विस्तीर्ण माळावर गुराख्यांनी अशीच एक पाककृती घडवली. तिपाईला टांगलेल्या कढईत डुकराच्या चरबीवर भरपूर कांदा मऊ करायचा आणि त्यात गोमांस शिजवायचे, हा त्यांचा गुलाश. जगभरच्या हॉटेलांत या नावाने दाट रस्सा वाढतात, पण खुद्द हंगेरीत गुलाश पातळ, सूपासारखा असतो. दाट प्रकाराला तिथे ‘पोर्कोल्त’ म्हणतात. दोन्हींचा रंग पाप्रिकाचा, म्हणजे सुकवून दळलेल्या लाल मिरचीचा. ही मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तुर्की अमलाच्या काळात हंगेरीतही पोचली. कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि हंगेरीचा गुलाश यांचा रंग असा एकाच झाडाकडून आला आहे. सेगेद हे हंगेरीतले पाप्रिकासाठी प्रसिद्ध शहर. तिथल्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1930 च्या दशकात याच मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गुलाश करणारे पाप्रिका घालण्याआधी भांडे विस्तवावरून बाजूला घेतात. मिरचीपुडीत साखर असते, ती तापल्या चरबीत क्षणात करपते आणि सगळा रस्सा कडवट होतो. मराठी स्वयंपाकातल्या लाल तिखटालाही हा नियम तंतोतंत लागू आहे. गॅस बंद करून तिखट घालावे, दोनदा हलवावे आणि लगेच गरम पाणी ओतावे, म्हणजे रंग तेलात उतरतो आणि तवंग लालबुंद येतो. हा तवंग नुसता शोभेचा नसतो. रश्श्यावर तेलाचा थर असला की पाण्याची वाफ सहज उडत नाही आणि वाटी बराच वेळ गरम राहते.

आयर्लंडच्या रश्श्यात यातले जवळपास काहीच नाही. मेंढीच्या मानेचे मांस, कांदा, बटाटा आणि पाणी एवढेच, परतणेही नाही. काही बटाटे विरघळून रस्सा दाट करतात. साधेपणात त्याची बरोबरी करणे अवघड आहे. भाज्या घातलेला कोणताही रस्सा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आंबट पदार्थामुळे भाज्या शिजायला वेळ लागतो. म्हणून बटाटा किंवा सलगम घातले असतील तर टोमॅटो, दही किंवा कोकम त्या मऊ झाल्यावरच घालावे.

दाटपणा आणण्याच्या रीती प्रदेशागणिक बदलतात, आणि चव खरी तिथेच वेगळी होते. कोल्हापुरात मटण आधी हळद, मीठ, आले-लसूण लावून पाण्यात शिजवतात. त्याचे आळणी पाणी दोन वाटांनी जाते. नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि काजू यांच्या वाटणाने पांढरा रस्सा होतो, कांदा-लसूण मसाल्याने आणि भाजलेल्या खोबऱ्याने तांबडा. मराठवाड्यात भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्यांचे येसर लावतात, त्याने रस्सा सरबरीत होतो आणि भाकरीला चांगला धरतो. कॉर्नफ्लोअर लावून आणलेला दाटपणा या सर्वांपुढे फिका आहे. त्याला स्वतःची चव नाही, आणि पुन्हा गरम केल्यावर तो फुटतो.

मटण कोणते घ्यावे, हेही महत्त्वाचे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बोकडाचे मिळते. पुणे परिसरात बोल्हाई देवीला मानणारी अनेक घरे बोकड खात नाहीत, त्यांच्यासाठी मेंढीचे ‘बोल्हाईचे मटण’ विकणारी वेगळी दुकाने आहेत. मेंढीत चरबी जास्त, म्हणून थंडीच्या रश्श्याला ती फार अनुकूल. मात्र तिची चरबी माणसाच्या अंगाच्या उष्णतेपेक्षा वरच्या तापमानाला वितळते. वाटी गार झाली की ती टाळूला चिकटते. मेंढीचा रस्सा वाफाळताच वाढायला हवा आणि वाट्याही आधी गरम पाण्यातून काढून घ्याव्यात.

प्रेशर कुकरची कल्पना हाडे मऊ करण्यासाठीच निघाली. फ्रेंच संशोधक दनी पापँ यांनी 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले घट्ट झाकणाचे भांडे मांडले. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळते. आजच्या कुकरमध्ये ते सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. त्यामुळे मटण पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत आणि पाये तासाभरात होतात. जिलेटिन छान सुटते, पण बंद भांड्यात रस्सा आटत नाही आणि मसाल्याचा कच्चा वासही उडत नाही. मटण कुकरमध्ये आळणी शिजवून घ्यावे, वाटण वेगळे तेल सुटेपर्यंत परतावे आणि मग दोन्ही एकत्र करून उघड्या पातेल्यात निदान अर्धा तास मंद आचेवर ठेवावे, हा मधला मार्ग कामाच्या दिवशी उत्तम.

असा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. मसाल्यांचा स्वाद मांसात मुरतो, आणि गार झाल्यावर वर गोठलेली चरबी हवी तेवढी काढून टाकता येते. पण मोठे पातेले रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे, थंडीतसुद्धा. दाट रस्सा आतून फार सावकाश गार होतो, आणि 60 ते 5 अंशांच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. त्यांतल्या काहींचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. रस्सा पसरट भांड्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, तीन दिवसांत संपवावा आणि दर वेळी लागेल तेवढाच काढून खळखळून उकळी येईपर्यंत गरम करावा.