वीज खाली पडते, लाल झोत वर उमटतो

वीज कडाडली की आपण टीव्हीचा प्लग काढतो, खिडक्या लावतो आणि मुलांना गॅलरीतून आत ओढतो. वीज कुठे पडली याकडेच सगळ्यांचं लक्ष. पण त्याच वेळी त्या ढगाच्या कितीतरी वर एक लालसर प्रकाश फुलून विझलेलाही असू शकतो. त्याला म्हणतात स्प्राइट. (थंड पेयाशी काही संबंध नाही! शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पक, एरियलसारख्या हाती न लागणाऱ्या पऱ्यांवरून हे नाव आलं. इंग्रजीत बी.ए. केल्याचा आनंद मला असा क्वचितच मिळतो.)

वैमानिक असं काही दिसल्याचं सांगत, पण पुरावा कुठे होता? ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे संशोधक अंधारात चालणारा एक कॅमेरा तपासून पाहत होते. त्यात दूरच्या वादळावरचे प्रकाशाचे दोन खांब चुकून टिपले गेले. सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने असं घडू शकतं हे १९२०च्या दशकातच मांडलं होतं!

हे घडतं कसं? जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ढगातला ऋण भार खाली आणतात. थोड्या विजा मात्र धन भार आणतात आणि त्या फार जोरकस असू शकतात. असा मोठा भार एका झटक्यात निघून गेला की ढगाच्या वरचं विद्युत क्षेत्र क्षणभर एकदम वाढतं. ७०-८० किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते, की तेवढ्या ताणानेही तिच्यातून वीज वाहू लागते. आपल्या ट्यूबलाइटमध्येही विरळ वायूच असतो, तसंच काहीसं. तिथला नायट्रोजन लाल उजळतो आणि खाली निळसर धागे लोंबतात, अगदी जेलीफिशसारखे. सगळा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा.

जानेवारी २००३मध्ये कोलंबिया यानातून स्प्राइट टिपण्याचा प्रयोग झाला. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं, सातही जण गेले. प्रयोगातली बरीच दृश्यं मात्र आधीच पृथ्वीवर पाठवलेली होती, म्हणून ती वाचली.

१९ मे २०२२च्या रात्री तिबेटमधून दोन हौशी छायाचित्रकारांनी हिमालयावर तब्बल १०५ स्प्राइट टिपले. ते वादळ गंगेच्या मैदानापर्यंत पसरलेलं होतं. खाली राहणाऱ्यांना त्या रात्री फक्त ढगच दिसले असणार.

कारण स्प्राइट पाहायला वादळापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब असावं लागतं. मधलं आकाश निरभ्र हवं आणि शहराचे दिवे नकोत. कॅमेरा स्टँडवर लावून ढगाच्या वरच्या मोकळ्या काळोखाकडे रोखा, व्हिडिओ चालू ठेवा. आणि गडगडाट डोक्यावरच असेल, तर सरळ घरात या.