बैठक रद्द, मंडळ चालू

आज आपण बागकाम करणाऱ्यांच्या मंडळांबद्दल बोलणार आहोत. महिन्याची बैठक, हिवाळ्यातलं पुष्पप्रदर्शन, एकमेकांच्या बागा बघायला जाणं, हे सगळं बंद पडलं तर मंडळ टिकवायचं कसं, हा आजचा प्रश्न.

बंद पडायला महामारीच यावी लागते असं नाही. आमच्या जबलपुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. त्या उन्हात सत्तरीतल्या सभासदाला दुपारी चारला सभागृहात बोलावणं शहाणपणाचं नाही. पावसाळ्यात कधी आठ-आठ दिवस झड लागते. शिवाय बागकामाच्या मंडळांत निवृत्त माणसंच जास्त असतात. गुडघे बोलायला लागतात, रात्री गाडी चालवणं सुटतं, आणि एकेक जण बैठकीला येईनासा होतो. त्याच्यापुरती बैठक रद्दच झालेली असते.

पण सगळ्यांची परीक्षा एकदम झाली ती २०२० साली. मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरातच सापडले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देशभर टाळेबंदी लागली. बागवाल्यांसाठी ती वेळ फार अडचणीची होती. मार्चअखेर म्हणजे हिवाळी फुलझाडांचं बी धरायचे दिवस. फ्लॉक्स, कॅलेंडुला, हॉलीहॉक यांचं बी तेव्हाच पिकतं. रोपवाटिका बंद, बैठक बंद, आणि ज्याच्या अंगणात बी तयार झालं ते त्याच्याच अंगणात अडकलं.

मोठ्या संस्थांचंही तेच झालं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन दोन वर्षं भरलं नाही, ते २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. लंडनचं चेल्सी पुष्पप्रदर्शन दोन्ही महायुद्धांत बंद पडलं होतं. मे २०२० मध्ये ते पहिल्यांदाच फक्त इंटरनेटवर झालं, आणि पुढच्या वर्षी मेऐवजी सप्टेंबरात भरलं. जागतिक गुलाब अधिवेशन २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे व्हायचं होतं, ते २०२२ पर्यंत पुढे गेलं.

मोठ्या संस्थेकडे कचेरी असते, नोकरमाणसं असतात. ती दोन वर्षांनी पुन्हा दार उघडू शकते. पंचवीस-तीस घरांच्या आपल्या मंडळाकडे यातलं काही नसतं. दोन वर्षं गाठ पडली नाही, तर तिसऱ्या वर्षी बोलवायला कोण उरलंय हेच कळत नाही. म्हणून आधी हे समजून घेऊ, की बैठकीत नेमकं होत काय होतं.

चहा आणि गप्पा सोडल्या तर बैठकीत तीन कामं व्हायची. पहिलं, खबर कळायची: कोण आलंय, कोण नाही, कोणाचा चेहरा उतरलाय. दुसरं, वस्तू हातोहात जायची: बी, काडी, कंद, मूठभर गांडूळखत. तिसरं, दुसऱ्याची नजर मिळायची. तुम्ही रोगट पान रुमालात गुंडाळून आणायचात आणि समोरचा बघताक्षणी सांगायचा, की अहो, हा लाल कोळी.

आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपकडे बघा. रोज शंभर संदेश येतात. सुप्रभात, गुलाबाचा फोटो, वाहवा, टाळ्या. मंडळ अगदी जिवंत वाटतं. पण या तीन कामांपैकी एकही काम तिथे आपोआप होत नाही. ती कामं मुद्दाम लावून द्यावी लागतात. कशी, ते एकेक करून पाहू.

पहिलं काम, खबर. मी फौजेतला माणूस. जबलपूर हे सिग्नलच्या प्रशिक्षणाचंही गाव, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. वायरलेसवर संदेश पाठवला म्हणजे काम झालं असं कोणी धरत नाही. पलीकडून पोच आली की काम झालं. आणि ठरलेल्या वेळी एखाद्या चौकीचा आवाज आला नाही, तर ‘कामात असतील’ म्हणून कोणी बसून राहत नाही. शांतता हीसुद्धा एक बातमी असते.

ग्रुपवर नेमकी शांतताच दिसत नाही. तीस जणांतले दहा जण बोलत असले की उरलेल्या वीस जणांचं गप्प असणं त्या आवाजात बुडून जातं. म्हणून आम्ही फोनची साखळी केली. अठ्ठावीस घरांचे सात-सातचे चार गट. प्रत्येक गटाचा एक प्रमुख. दर रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळात त्याने आपल्या गटातल्या सहा घरांना फोन करायचा. प्रश्न तीनच: तब्येत कशी आहे, बागेत काय चाललंय, काही हवंय का. नऊ वाजता चारही प्रमुखांनी चिटणिसांना एका वाक्यात कळवायचं. एखाद्याचा फोन लागला नाही तर संध्याकाळी पुन्हा करायचा, तेव्हाही नाही लागला तर शेजाऱ्याला. त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून एका शेजाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा. ही यादी शांततेच्या काळात करायची असते, अडचण आल्यावर नाही.

याचा उपयोग काय झाला, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एक ज्येष्ठ सभासद, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. एकट्या राहायच्या, मुलगा परगावी. मे २०२० मधल्या एका रविवारी त्यांचा फोन सकाळी लागला नाही, संध्याकाळीही नाही. शेजारच्यांना विचारलं तेव्हा कळलं, की अंगणात पाय मुरगळून त्या दोन दिवस अंथरुणाला होत्या, आणि फोन बैठकीच्या खोलीत पडून होता. त्या दोन दिवसांत ग्रुपवर दीडेकशे संदेश आले होते. काकू नाहीत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या मुलाने डॉक्टरांना फोन लावला, आणि पुढचे पंधरा दिवस कुंपणावरून पाइप टाकून त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं.

इथून आपण दुसऱ्या कामाकडे येतो. काकूंच्या त्या कुंड्यांमध्ये एक पांढरी शेवंती होती. बारीक फुलाची, जुन्या वळणाची, त्यांच्या सासूबाईंनी विदर्भातून आणलेली. ती आमच्यात दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. शेवंतीचं बी पेरलं तर आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते. तीच जात टिकवायची तर बुंध्याजवळ फुटणाऱ्या काश्या किंवा शेंड्याच्या काड्या दर वर्षी नव्याने लावाव्या लागतात. जबलपूरच्या मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं की कुंडीतली शेवंती संपली. म्हणजे एका बाईचा पाय मुरगळला आणि पन्नास वर्षं जपलेलं झाड जाता जाता राहिलं.

त्यावरून मंडळाने एक नियम केला: कोणतंही झाड एकाच घरी ठेवायचं नाही. विशेषतः जे विकत मिळत नाही ते. प्रत्येकाने आपल्याकडच्या अशा झाडांची यादी दिली आणि प्रत्येकासाठी दुसरं घर ठरवलं. पावसाची सुरुवात झाली, निर्बंध सैल झाले, तेव्हा देवाणघेवाण फाटकावर झाली. पिशवी फाटकाला अडकवायची, फोन करायचा, समोरच्याने ती घेऊन जायची. बी असेल तर टपालाने. वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला तेव्हा पाच रुपयांचं तिकीट पुरायचं, आणि झेंडूचं किंवा फ्लॉक्सचं एका वाफ्यापुरतं बी त्यात आरामात बसतं. बी सावलीत पूर्ण वाळवून कागदाच्या पुडीत बांधायचं. ओलसर बी प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर त्याला बुरशी धरते.

पुडीवर तीन गोष्टी लिहायच्या: नाव, बी धरल्याची तारीख, कोणाकडून आलं. नाव दोन्ही भाषांत. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं, पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली. अशा निमित्तांनी इथे वसलेल्या मराठी घरांत झाडांची नावं सरमिसळ झाली आहेत. शेवंतीला कोणी गुलदाउदी म्हणतं, तगरीला चांदनी, जास्वंदीला गुड़हल, सदाफुलीला सदाबहार. समोरासमोर असताना बोट दाखवता येतं, त्यामुळे अडत नाही. फोनवर मात्र एकाने चांदनी मागावी आणि दुसऱ्याला ती कळूच नये, असं होतं. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी बागवाल्यांना हा अनुभव असेलच.

आणखी एक काळजी. दुसऱ्याच्या घरून आलेलं रोप पंधरा दिवस आपल्या झाडांपासून लांब ठेवायचं. जास्वंदीच्या एका काडीवरून पिठ्या ढेकूण अख्ख्या गच्चीभर पसरतो. विलगीकरण म्हणजे काय हे आता कोणाला समजावून सांगायला नको.

तिसरं काम, नजर. ग्रुपवर फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘माझ्या गुलाबाला काय झालंय?’ फोटोत असतं लांबून दिसणारं एक झाड. मग दहा जण दहा औषधं सुचवतात. त्यासाठी आम्ही तीन फोटोंचा नियम केला. पहिला अख्ख्या झाडाचा, कुंडीसकट. दुसरा रोगट पानाच्या खालच्या बाजूचा, कारण लाल कोळी, मावा, पांढरी माशी ही मंडळी बहुतेक वेळा तिथेच राहतात. तिसरा मातीचा, बोटभर खोल उकरून. पान पिवळं पडण्याचं कारण पुष्कळदा पानात नसतं, पाणी साचलेल्या मुळांत असतं. सोबत एक ओळ: शेवटचं पाणी कधी घातलं, खत कधी. उत्तर द्यायला दोनच जाणकार नेमले, बाकीच्यांनी थांबायचं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी हेच सगळं तोंडी सांगायचं. तीन जागा नीट बघून सांगितल्या, तर निम्मं निदान फोनवरही होतं.

प्रदर्शनाचं काय? तेही घरच्या घरी करता येतं, एक अट पाळली तर. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी फोटो काढायचा. जानेवारीतला एक रविवार, सकाळी आठ ते नऊ. फुलाशेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. जुना फोटो चालणार नाही. ही तारीख ऑक्टोबरच्या आधीच जाहीर करायची. कारण गुलाबाची छाटणी केल्यावर फूल यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि बागवाला तारीख धरूनच कात्री हातात घेतो. तारीख ठरली की तीन महिने प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं, आणि रविवारच्या फोनला विषय मिळतो.

सगळं काही फोनवर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मोगऱ्याचा वास पाठवता येत नाही. माती चिमटीत चोळून बघावी लागते. म्हणून बैठका पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या बैठकीत व्याख्यान ठेवू नका. दुसऱ्या घरी सांभाळलेली झाडं आणा आणि ज्याची त्याला एकेक काडी परत करा. आणि साखळी बंद करू नका. उन्हाळ्यात ती लागतेच.

काकू २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांचं घर पुढे विकलं गेलं, अंगणात आता फरशी आहे. पांढरी शेवंती आज आमच्या अकरा घरांत आहे. पुडीवर, कुंडीवर, सगळीकडे तिचं नाव ‘काकूंची शेवंती’ असंच लिहिलेलं असतं.

तेव्हा या आठवड्यासाठी दोन कामं देतो. तुमच्या मंडळातला महिनाभर न बोललेला सभासद शोधा आणि त्याला फोन करा. संदेश नको, फोन. आणि तुमच्या बागेतलं असं एक झाड शोधा, जे तुमच्या ओळखीत दुसऱ्या कोणाकडेच नाही. त्याची एक काडी योग्य हंगामात दुसऱ्या घरी लावून घ्या. नमस्कार.